बजाज पल्सर आरएस 200 सात वर्षं चालवली, आता चारशेची वाट बघायची का?

रविवारी पहाटे साडेपाचला वारज्याच्या पुलाखाली चहाच्या गाडीपाशी आम्ही आठ-दहा जण जमतो. सहाला निघायचं, साडेसातपर्यंत चेलाडी फाट्याला मिसळ, मग ज्याला घाई असेल तो मागे फिरतो आणि बाकीचे खंबाटकी चढून वाईकडे जातात. गेल्या रविवारी मात्र साडेसहा वाजले तरी कुणी गाडीवर बसेना. एकाच्या भाच्याने म्हणे चाकणजवळ काळ्या-पांढऱ्या नक्षीचे स्टिकर चिकटवलेली टेस्टिंगची गाडी पाहिली. पुढे फेअरिंग (वारा कापणारं प्लॅस्टिकचं आवरण आणि काच), मागे रुंद टायर, आवाज "दोनशेचा नक्की नाही". फोटो काढला होता तो हललेला. ट्रकच्या बाजूला काहीतरी काळं जाताना दिसतंय, एवढंच. तेवढ्यावर प्रत्येकाचे तीन-तीन कटिंग झाले.

पल्सर आरएस400, म्हणजे आरएस200ची अजून न आलेली मोठी बहीण. हे नाव मी गाडी घेतली तेव्हापासून ऐकते आहे. माझी आरएस200 नोव्हेंबर 2018ची, लाल, पुढच्या चाकाला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेली. आज मीटरवर 61 हजार किलोमीटर आहेत. नवीन मुलं मला नेहमी एकच विचारतात: "ताई, आत्ता दोनशे घेऊ की चारशेसाठी थांबू?" चहा पिता पिता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा रिव्ह्यू. जी गाडी आहे तिच्याबद्दल आधी लिहिते आणि जी नाही तिच्याबद्दल नंतर.

मी भोसरीत एका सीएनसी शॉपमध्ये तपासणी विभागात आहे. दिवसभर मायक्रोमीटर आणि बोअर गेज हातात असतात. "भारी वाटते" आणि "पिकअप मजबूत आहे" असल्या शब्दांनी माझं समाधान होत नाही, त्यामुळे या लिखाणात आकडे येणार.

आरएस200चं इंजिन 199.5 सीसीचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) 72 मिलीमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 49. स्ट्रोकपेक्षा बोअर इतका मोठा असला की इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) खुलतं, आणि ही गाडी तशीच आहे. 24.5 पीएस (अश्वशक्ती) मिळतात ते 9,750 आरपीएमला, 18.6 न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) मिळतो तो 8,000ला. पहिल्या महिन्यात मी ती आमच्या जुन्या दीडशेसारखी चालवत होते, चार हजारावर गिअर बदलून, आणि मनात म्हणत होते की पैसे नेमके कशाचे दिले? मग एकदा खंबाटकी चढताना तिसरा गिअर सोडलाच नाही, काटा आठ हजाराच्या पुढे गेला आणि गाडीचा स्वभावच पालटला. इंजिनाचा सूर चढला, हँडलमध्ये बारीक थरथर आली आणि वळणातून बाहेर पडताना गाडी स्वतःहून पुढे सरकत असल्यासारखी वाटली. त्या दिवसापासून या गाडीशी माझं जमलं. तिला पिळायला लागतं, आणि पिळल्यावर ती हातचं काही राखत नाही.

इंजिनाहूनही मला तिची बैठक आवडते. क्लिप-ऑन (दोन तुकड्यांचं, स्पोर्ट्स गाडीसारखं) हँडल आहे, पण केटीएमच्या आरसी 390सारखं खाली वाकवणारं नाही. पाठ थोडीशी पुढे झुकते, मनगटावर भार येत नाही. वारजे ते वाई आणि परत, मधल्या थांब्यांसकट पाच-सहा तास, एवढ्या प्रवासानंतर मी घरी येऊन पोळ्या लाटू शकते. आरसी 390 एका मित्राची दोन तास चालवली होती. वळणांत ती गाडी स्वर्ग आहे, पण नवले पुलाच्या रांगेत माझे तळहात बधिर झाले होते. दोघींची जात वेगळी आहे. एक ट्रॅककडे बघून बनवलेली, दुसरी रस्त्याकडे.

सीटची उंची 810 मिलीमीटर आणि माझी उंची पाच फूट तीन इंच. पायाची आतली लांबी 74 सेंटिमीटर. म्हणजे हिशेबाने पाय टेकायलाच नकोत. बुटाचा सोल जाड घेतला, सस्पेन्शन माझ्या वजनाने थोडं बसतं आणि सीट पुढच्या बाजूला निमुळती आहे, म्हणून दोन्ही पायांचे चवडे टेकतात. 165 किलोची गाडी चवड्यांवर तोलायची सवय व्हायला मला दोन महिने लागले. ज्या मुलींना कुणी सांगतं की "ही तुला जमणार नाही," त्यांना मी माझ्या गाडीवर बसवते. बहुतेकींना जमते. सिग्नलला एकच पाय पूर्ण टेकायचा, शरीर अर्धं सरकवून, आणि उताराच्या बाजूचा पाय टेकायचा नाही, एवढं शिकलं की झालं.

आता फेअरिंग. गल्लीत सगळे म्हणतात, दिसायला छान. मी म्हणते, वापरायला छान. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. ताशी 80वरून 100वर गेलात की फक्त वाऱ्यासाठी जवळपास दुप्पट ताकद लागते. म्हणून महामार्गावर काच असलेली गाडी आणि नसलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिरवळच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मी थोडी वाकले की हेल्मेटवरचा दाब एकदम उतरतो. मान दुखत नाही. मुंबईला जुन्या महामार्गाने जाताना (एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, हे दर वर्षी कुणीतरी नवीन विसरतं) बोरघाट उतरल्यावर पनवेलपर्यंत जो समोरून वारा येतो, त्यात ही काच पैसे वसूल करून देते.

फेअरिंगचा जाच देखभालीत होतो. एका सिलिंडरला तीन स्पार्क प्लग आहेत, आणि बारीकसारीक कामालाही बाजूचे पॅनेल उतरवावे लागतात. पॅनेलला आतून प्लॅस्टिकचे छोटे कान असतात, ते रबरी बुशात दाबून बसतात. घाईने ओढलं की कान तुटतो. माझ्या गाडीचा डाव्या बाजूचा असाच तुटला, आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये. पोराने सांगितलंही नाही. चार दिवसांनी पन्नासच्या वेगाला कुठूनतरी 'टर्रर्र' आवाज यायला लागला. मी आधी चेन बघितली, मग सायलेन्सरचा क्लॅम्प, मग नंबर प्लेट. शेवटी गाडी स्टँडवर लावून, रेस देऊन, पॅनेलवर एकेक ठिकाणी बोट दाबत गेले, आणि टाकीच्या खाली एका जागी बोट ठेवलं की आवाज बंद. तुटलेला कान आतच पडला होता. तो दोन घटकांच्या इपॉक्सीने चिकटवला, मागून पातळ नायलॉनचा वॉशर लावला, रात्रभर सुतळीने बांधून ठेवला. त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून पॅनेल मी स्वतः काढते आणि गाडी उघडी करून मेकॅनिककडे नेते. ज्यांना हे करायचं नाही त्यांनी निदान समोर उभं राहावं. सुट्या भागांसाठी नाना पेठेत एक चक्कर मारली की बुश, क्लिपा, स्क्रू सगळं मिळतं. जुना नमुना खिशात घेऊन जायचा, नुसतं तोंडी सांगायचं नाही.

अ‍ॅव्हरेज शहरात 33-34, महामार्गावर ऐंशी-पंच्याऐंशीला धरून चालवली तर 39-40. टाकी 13 लिटरची. मूळचे टायर 100/80 आणि 130/70, दोन्ही 17 इंची. 2025च्या नव्या गाडीत ते 110/70 आणि 140/70 झाले, शिवाय स्लिपर क्लच आणि एबीएसचे तीन मोड आले. स्लिपर क्लचचा मला खरंच हेवा वाटतो, कारण घाट उतरताना पटापट गिअर पाडले की माझ्या गाडीचं मागचं चाक कधीकधी कुरकुरतं.

मग एवढं सगळं चांगलं असताना आम्ही सगळे चारशेच्या नावाने जागे का होतो?

माझ्यापुरतं उत्तर मागच्या सीटवर आहे. नवरा गाडी चालवत नाही, तो मागे बसतो. आम्ही दोघं, सॅडल बॅग, त्यात दोन दिवसांचे कपडे. अशा वेळी खंबाटकीत पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला ओलांडायचंय, तर चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, काटा नऊ हजाराला आणि मग जीव मुठीत धरून ओव्हरटेक. गाडी ते करते, नाही असं नाही. पण 199.5 सीसीने दोन माणसं आणि सामान घेऊन चढावर खालच्या आरपीएमला ओढावं, ही अपेक्षा धरणंच चूक आहे. तिथे टॉर्क लागतो, आणि टॉर्क सीसीतून येतो.

आमच्या ग्रुपमधली चर्चा मात्र कायम टॉप स्पीडवर चालते. दीडशे जाईल की एकशे सत्तर? मला हे कळत नाही. कात्रज बोगद्यापासून सुरूर फाट्यापर्यंत एकशे सत्तर करायला जागा कुठे आहे? ट्रक उजव्या लेनला, मध्येच उलट्या दिशेने येणारी दुचाकी, खेड-शिवापूरच्या टोलनाक्याआधीची गर्दी. मला हवंय ते ताशी 70 ते 100मधलं बळ, गिअर न पाडता. आणि छातीवर वारा न घेता.

या दोन्ही गोष्टी एकत्र देणारी गाडी कंपनीच्या डोक्यात बारा वर्षांपूर्वीच होती, हे आमच्या ग्रुपमधले काका दर वेळी सांगतात. काकांकडे 2009ची पल्सर 220 आहे, कार्ब्युरेटरवाली, अजून पहिल्या किकला म्हणावं तशी एका बटणात सुरू होते. 2014च्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत बजाजने पल्सर सीएस400 आणि पल्सर एसएस400 अशा दोन गाड्या मांडल्या. सीएस400 पुढे डिसेंबर 2016मध्ये डॉमिनार म्हणून रस्त्यावर आली. एसएस400, म्हणजे पूर्ण फेअरिंगवाली, आलीच नाही. तिच्या चेहऱ्याची आठवण देणारी आरएस200 मार्च 2015मध्ये आली आणि आम्ही ती घेतली. चारशेची अफवा तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर नव्याने उगवते.

येणारच नाही म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटण्यासारखा आहे. चाकणला बजाजच्याच कारखान्यात 2014पासून केटीएमची आरसी 390 बनते. तेवढ्याच सीसीची फेअरिंगवाली दुसरी गाडी कमी किमतीत काढली तर घरातच भाऊबंदकी. येणार म्हणणारे 2024च्या मे महिन्याकडे बोट दाखवतात. तेव्हा बजाजचीच, फेअरिंग नसलेली पल्सर एनएस400झेड आली, दिल्ली एक्स-शोरूम 1 लाख 85 हजारांना, 373.27 सीसी, 40 पीएस, आणि पुढच्या वर्षी तीच 43 पीएसची झाली. केटीएमच्या बिनफेअरिंगच्या ड्यूकशी भाऊबंदकीची भीती वाटली नाही, तर आरसीशी का वाटेल? हाही मुद्दा बिनतोड आहे.

मग सप्टेंबर 2025मध्ये जीएसटी बदलला आणि चर्चेला वेगळंच वळण लागलं. 350 सीसीपर्यंत 28वरून 18 टक्के, त्यावर मात्र आधीचे 28 अधिक 3 सेस जाऊन सरळ 40 टक्के. 373 सीसी अगदी थोडक्यासाठी वरच्या बाजूला पडते. आमच्यातला एक टूलरूमवाला आहे. त्याने मिसळीच्या बिलाच्या मागे हिशेब मांडला. बोअर 89 तसाच ठेवायचा, स्ट्रोक 60चा 56 करायचा, झालं 348 सीसी. सिलिंडर हेड तेच, पिस्टनचा व्यास तोच, बदलतो तो क्रँक आणि त्याच्या सोबतीची एक-दोन मापं. मी तो आकडा तिथेच मोबाइलवर तपासला, बरोबर निघाला. टॉर्क त्याच प्रमाणात घटला असं धरलं तर 35चा साधारण 32-33 न्यूटन मीटर होईल. माझ्या गाडीच्या पावणेदोन पट. सगळे टेबलावर वाकून ते बिल बघत होते, हॉटेलवाला पैशांसाठी उभा, आणि बिल कुणी सोडेना. कंपनी असं करेल की नाही हे त्या बिलावर लिहिलेलं नाही, पण चारशेच्या नावाखाली साडेतीनशेच्या आतलं इंजिन येऊ शकतं, हा त्या महिन्यातला सगळ्यात शहाणा अंदाज होता.

आता थांबायचं की नाही. मी केलं ते सांगते. एनएस400झेडची टेस्ट राइड घेतली, भोसरीहून स्पाइन रोडला. चौथ्या गिअरमध्ये साडेतीन हजारावर एक्सलेटर उघडला आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. आरएस200वर जिथे दोन गिअर पाडावे लागतात, तिथे इथे नुसतं मनगट फिरवायचं. कमाल टॉर्क 6,500लाच मिळतो, माझ्या गाडीच्या दीड हजार आरपीएम आधी, आणि तो आकड्यानेही जवळपास दुप्पट. वजन 174 किलो, म्हणजे फक्त नऊ किलो जास्त. प्रति टन हिशेब केला तर माझी 148 पीएस, ती 40 पीएसवरसुद्धा 230. मोकळ्या पट्ट्यात नव्वदला गेले तेव्हा वारा थेट छातीवर आला, आणि तिथे मला माझी काच आठवली.

म्हणजे बाजारात दोन अर्ध्या गाड्या आज आहेत: एकीकडे काच आणि बैठक, दुसरीकडे दम. ज्याला यंदा गाडी घ्यायचीच आहे त्याने दोन्हींवर एकाच दिवशी बसावं आणि आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते बघावं. एकटे फिरता, घाट आवडतात, रोज ऑफिसलाही तीच गाडी, तर दोनशे पुरते. पुरून उरते. दोघांनी लांब जाता, तर एनएस400झेड घ्या आणि पुढे एखादी उंच काच बसवून घ्या. अफवेसाठी मात्र एक पैसा अडकवू नका. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण एका शोरूममध्ये मला सांगण्यात आलं, "मॅडम, दोन हजार टोकन टाका, चारशेच्या पहिल्या लॉटमध्ये तुमचं नाव." मी म्हटलं, पावतीवर मॉडेलचं नाव लिहून द्या. त्याने "अपकमिंग" असं लिहिलं. मी उठले. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने पैसे भरले होते, त्याला ते परत मिळवायला सहा चकरा मारायला लागल्या. ज्या गाडीची कंपनीने घोषणाच केलेली नाही तिचं बुकिंग होऊच शकत नाही.

आणि ती आली तर? मी पहिल्या आठवड्यात जाईन, स्टीलची टेप घेऊन. हँडल माझ्या आरएससारखं वर आहे का, की आरसीसारखं खाली. मागची सीट किती उंचावर आहे आणि नवऱ्याला धरायला काही दिलंय का. सीट 810च्या वर गेली का. ताशी 70ला सहाव्यात एक्सलेटर उघडला की ओढते का. पॅनेलचे कान अजून प्लॅस्टिकचेच आहेत का. हे पाच प्रश्न मी ग्रुपवर टाकून ठेवलेत, कारण तिथल्या कुठल्याही गप्पांत यांतला एकही निघत नाही.

जुनी आरएस200 घेणाऱ्यांसाठी एवढंच: फेअरिंगच्या सगळ्या बाजूंवर हाताने दाबून बघा, कुठे खुळखुळलं तर आतला कान गेलाय. रेडिएटरच्या पट्ट्या टॉर्च मारून तपासा, दगड लागून वाकल्या असतील तर भाव पाडा आणि घेतल्या दिवशीच जाळी बसवा. चेन एका हाताने वर-खाली करून चाक पूर्ण फिरवा, कुठे सैल आणि कुठे ताठ लागली तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च धरून चाला. आणि आठ हजाराच्या पुढे काटा नेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक नको म्हणाला तर दुसरी बघा.

माझी विकायची नाही. या रविवारी महाबळेश्वर, सहाला निघू. काका आजच सांगून ठेवतात की गप्पा गाडी लावल्यावर.